वेष्टनावरची कबर

दफनभूमीतील एका कबरीवरच्या शिल्पाचे चित्र गाण्यांच्या तबकडीच्या वेष्टनावर छापले आणि ती तबकडी दुकानात विक्रीस ठेवली, तर त्या शिल्पाचा अवमान होतो काय? त्या शिल्पात क्रुसावरून खाली उतरविलेला मृत ख्रिस्त असेल, तर तो ख्रिस्ताचाही अवमान ठरतो काय? आणि त्या तबकडीवर गाणारा तरुण ती बाजारात येण्यापूर्वीच स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपवून गेला असेल, तर ते चित्र तसेच राहू देणाऱ्यांना आपण काय म्हणावे?

हे प्रश्न आम्ही कल्पनेने रचलेले नाहीत. इंग्लंडमधील मँचेस्टर परिसरातील 'जॉय डिव्हिजन' या चार तरुणांच्या बँडचा 'क्लोजर' हा अल्बम जुलै 1980 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते प्रत्यक्षात उभे राहिले. आपल्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना या बँडचे नाव ठाऊक नसेल. परंतु काळ्या कापडावर पांढऱ्या नागमोडी रेषांचे डोंगर छापलेला टी-शर्ट आपल्या धर्मग्रामातील एखाद्या तरुणाच्या अंगावर त्यांनी पाहिला असण्याचा संभव आहे. ते चित्र याच बँडच्या पहिल्या अल्बमवरचे होय.

परक्या देशातील परक्या संगीताच्या वेष्टनाची चिकित्सा एका धर्मगुरूने का करावी, असे कुणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. वेष्टन म्हणजे आत काय आहे याविषयी घेणाऱ्याला दिलेला शब्द असतो. तो शब्द खरा की खोटा, आणि तो ऐकून आपण पुढे काय करतो, हे नीतीचे प्रश्न आहेत. ते कोठल्याही देशात तितकेच खरे असतात.

मुळात 'अल्बम' हा शब्दच वेष्टनामुळे संगीतात आला. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटांपेक्षा अधिक संगीत मावत नसे. म्हणून मोठी रचना अनेक तबकड्यांवर विभागीत आणि त्या तबकड्या छायाचित्रांच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या बांधणीत घालून विकीत. ती बांधणी बहुधा करड्या-तपकिरी रंगाची असे व तिच्यावर केवळ अक्षरे असत. अमेरिकेतील त्या व्यवसायात अशा वेष्टनांना थट्टेने 'थडग्याचे दगड' म्हणत. 1940 साली कोलंबिया कंपनीतील अॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने त्यांवर चित्रे घालावयास आरंभ केला. गिऱ्हाइकाचे लक्ष वेधले गेले, विक्री वाढली आणि पाहता पाहता ही चाल सर्व कंपन्यांनी उचलली. थडग्याचा दगड दूर सारून तेथे चित्र आले. आणि 40 वर्षांनी त्याच जागी एक खरेखुरे थडगे चित्ररूपाने परत आले, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

'जॉय डिव्हिजन'ची वेष्टने पीटर सॅव्हिल या कलावंताने सिद्ध केली. 1979 सालच्या 'अननोन प्लेझर्स' या पहिल्या अल्बमसाठी बँडमधील एकाने खगोलशास्त्राच्या एका विश्वकोशातील आकृती पुढे ठेवली. 1967 साली केंब्रिज येथे जॉसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला आकाशातून ठरावीक अंतराने येणारे रेडिओ-स्पंद प्रथम आढळले. त्या पहिल्या स्पंदकाच्या एकामागून एक आलेल्या स्पंदांचा तो आलेख होता. मूळ आकृतीत पांढऱ्यावर काळ्या रेषा होत्या. सॅव्हिलने त्या काळ्यावर पांढऱ्या केल्या आणि मुखपृष्ठावर बँडचे नाव वा अल्बमचे नाव काहीच घातले नाही. स्पंदक म्हणजे स्फोट होऊन संपलेल्या एका महाकाय ताऱ्याचा उरलेला गाभा. मेलेल्या ताऱ्याची नाडीच जणू तेथे मोजून दाखविली आहे.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी सॅव्हिलने बँडच्या सभासदांना बर्नार पिएर वुल्फ या फ्रेंच छायाचित्रकाराची काही छायाचित्रे दाखविली. ती इटलीतील जेनोआ शहराच्या स्ताल्येनो या प्रसिद्ध दफनभूमीत काढलेली होती. त्यांतील एक सर्वांनी मिळून निवडले. तेथील आप्पियानी कुटुंबाच्या कबरीवर देमेत्रियो पाएर्नियो या शिल्पकाराने सुमारे 1910 साली घडविलेला तो संगमरवरी शोक आहे. मृत ख्रिस्त शिळेवर पहुडला आहे. त्याच्याभोवती शोकाकुल माणसे गुडघे टेकून, वाकून, वस्त्रांत लपेटून बसली आहेत. त्यांचे दुःख मुखांपेक्षा वाकलेल्या पाठींतून बोलते. क्रुसाच्या वाटेवरील तेरावे आणि चौदावे स्थान यांच्यामधला हा क्षण आहे. देह खाली उतरविला आहे, पण कबरीत अजून ठेवलेला नाही. आता करण्यासारखे काही उरले नाही आणि तेथून उठून जाववतही नाही, अशी ती घटका.

सॅव्हिलने हे काळे-पांढरे छायाचित्र पांढऱ्याशुभ्र वेष्टनाच्या मध्यभागी बारीक रेषांच्या चौकटीत बसविले. भोवती पुष्कळशी जागा मोकळी सोडली. वर प्राचीन शिलालेखाच्या वळणाच्या रोमन अक्षरांत 'क्लोजर' एवढेच नाव. बँडमधील कुणाचे छायाचित्र नाही, आकर्षक रंग नाहीत, खरेदीचे आमंत्रण नाही. मृत्यूची सूचना चौकटीवर छापावी तसे ते दिसते. 'क्लोजर' या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ होतात. एका उच्चाराने त्याचा अर्थ 'अधिक जवळ', तर दुसऱ्या उच्चाराने 'मिटविणारा'. कोणता अर्थ घ्यावा हे वेष्टन सांगत नाही.

आता आमच्या श्रद्धावंत वाचकांचा पहिला आक्षेप विचारात घेऊ. प्रभूच्या मृतदेहाचे चित्र ज्यांचा त्याच्यावर विश्वास आहे की नाही हेही ठाऊक नाही अशांनी वापरावे आणि त्यातून पैसा मिळवावा, हे उचित काय? आक्षेप समजण्यासारखा आहे. परंतु तो घेण्यापूर्वी स्ताल्येनोच्या दफनभूमीत थोडे हिंडून यावे. 1851 साली खुली झालेली ही दफनभूमी जेनोआतील सधन व्यापारी घराण्यांच्या पैशाने सजली आहे. ज्या काळात त्या घराण्यांची भरभराट होती, त्या काळात त्यांनी नामांकित शिल्पकारांना बोलावून आपल्या दुःखाचे पुतळे घडवून घेतले. तेथेच कातेरिना काम्पोदोनिको या गरीब बाईचा पुतळा आहे. ती जत्रांमधून सुक्या फळांच्या माळा आणि गोड कडी विकीत असे. तिने आयुष्यभर पैसे साठविले आणि 1881 साली आपल्या हयातीतच लोरेंत्सो ओरेंगो या शिल्पकाराकडून स्वतःचा पुतळा करवून घेतला. अंगावर ठेवणीतले वस्त्र आणि हातांत विक्रीच्या त्याच माळा. श्रीमंतांच्या कबरींपेक्षा लोक तिच्यापाशी अधिक वेळ थांबतात.

सांगण्याचा हेतू हा की, दुःखाची प्रतिमा पैसे मोजून घेण्याची रीत तबकडीच्या दुकानात सुरू झालेली नाही. ती दफनभूमीतही होती, आणि तेवढ्यामुळे ते दुःख खोटे ठरत नाही. इ.स. 787 मध्ये निसिया येथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेने पवित्र प्रतिमांविषयीचा वाद मिटविला, तेव्हा प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी न थांबता जिची ती प्रतिमा आहे तिच्याकडे पोहोचतो, हे तत्त्व ख्रिस्तसभेने स्वीकारले. म्हणून प्रतिमा कोठे टांगली आहे यापेक्षा पाहणाऱ्याची दृष्टी तिच्यापलीकडे जाते की तिच्यावरच अडकते, हा प्रश्न मोठा आहे. वेदीवरची प्रतिमासुद्धा दृष्टी अडवू शकते, आणि दुकानातल्या पुठ्ठ्यावरचे चित्रसुद्धा एखाद्याला ख्रिस्ताच्या शोकापाशी घेऊन जाऊ शकते.

याच बँडवर आमचा खरा आक्षेप दुसरीकडे आहे. 'जॉय डिव्हिजन' हे नाव त्यांनी नाझी छळछावण्यांवरील एका कादंबरीतून उचलले. ज्या स्त्रियांवर तेथे देहविक्रय लादला गेला, त्यांच्या विभागाचे ते नाव. त्या स्त्रियांचा या चौघा तरुणांशी काही संबंध नव्हता आणि त्यांच्या गाण्यांतून त्या स्त्रियांकडे वाटही जात नव्हती. धक्का देण्यासाठी वापरलेले ते परक्याचे दुःख होते. तारुण्याच्या भरात केलेली गोष्ट म्हणून ती समजून घेता येईल. योग्य म्हणता येणार नाही. कबरीचे चित्र आणि हे नाव यांतला भेद ध्यानात घ्यावा. चित्रातील शोक मानवमात्राचा आहे. पाहणारा त्यात आपले दुःख ठेवू शकतो. ते नाव मात्र दुसऱ्याच्या जखमेवरून काढून घेतलेले आहे.

आता दुसऱ्या, अधिक कठीण प्रश्नाकडे वळू. इयन कर्टिस हा या बँडचा गायक आणि गीतकार. मॅक्लेसफील्ड या गावी तो सरकारी रोजगार कचेरीत अपंगांना काम मिळवून देण्याच्या विभागात नोकरी करीत असे. 1979 च्या आरंभी त्याला अपस्मार असल्याचे निदान झाले. कार्यक्रम चालू असताना व्यासपीठावरही त्याला झटके येऊ लागले. संसारात ताण निर्माण झाला होता. घरी एक वर्षाची मुलगी होती. एप्रिल 1980 मध्ये त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला आणि तो वाचला. दुसऱ्याच दिवशी बँडचा ठरलेला कार्यक्रम झाला. 18 मे 1980 रोजी, बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर निघणार त्याच्या आदल्या दिवशी, त्याने आपले आयुष्य संपविले. त्याचे वय 23 वर्षांचे होते. 'क्लोजर' बरोबर दोन महिन्यांनी, 18 जुलै रोजी प्रसिद्ध झाला.

कबरीचे चित्र त्याच्या मृत्यूपूर्वी निवडले गेले होते, आणि निवडणाऱ्यांत तो स्वतः होता. मृत्यूची वार्ता आली तेव्हा वेष्टनावर कबर आहे ही गोष्ट सॅव्हिलच्या ध्यानात आली आणि त्याने ती कंपनीच्या चालकांना कळविली. वेष्टन बदलावे की ठेवावे? बदलले असते तर मृताने स्वतः पसंत केलेली गोष्ट दूर सारली असे झाले असते. ठेवले तर त्याच्या मरणाचा व्यापार केला असे लोक म्हणणार. शेवटी ते ठेवले गेले.

संत थॉमस अॅक्वायनस यांनी कोणत्याही कृतीची नैतिकता तोलताना तीन गोष्टी पाहावयास शिकविले आहे. प्रत्यक्ष कृती काय आहे, करणाऱ्याचा हेतू काय आहे, आणि ती कोणत्या परिस्थितीत घडते आहे. या प्रकरणी कृती तीच राहिली, हेतू तोच राहिला. परिस्थिती मात्र एका दिवसात बदलली. आणि परिस्थिती बदलताच त्याच पुठ्ठ्याचा अर्थ बदलला. जी प्रतिमा काल सर्वांच्या दुःखाची होती, ती आज एका विशिष्ट तरुणाच्या तिरडीसारखी दिसू लागली. हेतू निर्मळ असूनही कृतीला अशी कडवट छटा येऊ शकते. तिचा दोष करणाऱ्याच्या माथी मारू नये. पण ती छटा दिसतच नाही असेही म्हणू नये. आमच्या मते वेष्टन ठेवणाऱ्यांनी पाप केले नाही. मृताची निवड त्यांनी राखली, एवढेच म्हणणे न्यायाचे होईल.

मग दोष कुणाचाच नाही काय? येथे आम्ही या विषयाच्या गाभ्याशी येतो. त्याचे सहकारी पुढे अनेक वर्षांनी मुलाखतींतून सांगत आले की, त्याच्या गीतांतील शब्दांकडे त्या वेळी त्यांचे नीटसे लक्षच नव्हते. लक्ष गेले तेव्हाही तो दुसऱ्या कुणाचे दुःख कवीच्या नात्याने मांडतो आहे, असे त्यांना वाटे. जे शब्द आज ऐकणाऱ्याला मदतीच्या हाकेसारखे वाटतात, ते रोज त्याच्या शेजारी उभे राहून वाद्ये वाजविणाऱ्यांना कलाकृती वाटले. ती मुले निर्दय नव्हती. त्यांची वयेही विशीतलीच होती आणि आपला मित्र किती खोल पाण्यात आहे हे ओळखण्याची शिकवण त्यांना कुणी दिलेली नव्हती. परंतु झाले ते असे झाले. गीते सुंदर होती, म्हणून ती ऐकली गेली. वेष्टन सुंदर होते, म्हणून ते पाहिले गेले. त्या सौंदर्याने दुःख सर्वांसमोर उघडे मांडले आणि त्याच वेळी त्यावर पांघरूणही घातले. मांडणी इतकी नीटनेटकी होती की, आत एक माणूस रडतो आहे असे कुणाच्या मनात आले नाही.

सौंदर्य वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. दुःखाला आकार देणे ही मानवाला मिळालेली मोठी देणगी आहे. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे म्हणजे आकार दिलेला आक्रोशच आहे. पण आक्रोशाला आकार मिळाला म्हणून तो आक्रोश राहिला नाही, असे समजणे ही पाहणाऱ्याची चूक होय. प्रभूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात याजक आणि लेवी यांनाही वाटेवर पडलेला माणूस दिसला होता. दिसणे तिघांना घडले, थांबणे एकालाच.

हा प्रश्न मँचेस्टरपाशी संपत नाही, कारण वेष्टने आपणही करतो. नोव्हेंबरच्या 2 तारखेला आपल्या दफनभूमी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी उजळून निघतात. कबरींवर संगमरवर चढतो, काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरे कोरली जातात. मृतांविषयीच्या प्रेमाची ती खूण आहे आणि तिला आमचा विरोध नाही. परंतु प्रभूने शुभ्र रंगविलेल्या कबरींविषयी आणि संदेष्ट्यांच्या कबरी बांधणाऱ्यांविषयी जे कठोर उद्गार काढले, ते वाचताना आम्ही अस्वस्थ होतो. मेल्यावर ज्याच्या कबरीसाठी आपण दगड निवडायला जातो, तो जिवंत असताना त्याच्या शेजारी किती वेळ बसलो होतो? घरातल्या मुलाच्या खोलीच्या भिंतीवर कोणते चित्र लावले आहे हे आपण पाहतो; कधी त्याबद्दल रागावतोही. ते चित्र त्याने का लावले, हे विचारतो काय? टी-शर्टवरच्या काळ्या-पांढऱ्या रेषा ही बहुतेकांच्या अंगावर निव्वळ फॅशन असते, हे खरे. तरीही शंभरांतील एखाद्याच्या बाबतीत ती तशी नसेल, आणि तो एकजण आपल्याच घरातला असू शकेल.

या बाबतीत ख्रिस्तसभाही शिकत आली आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. 1917 सालच्या धर्मविधीसंहितेनुसार, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जाई. 1983 च्या संहितेत अंत्यविधी नाकारण्याच्या कारणांमध्ये आत्महत्येचा उल्लेख उरला नाही. 1992 सालच्या कॅटेकिझमने आत्महत्या ही जीवनदात्या परमेश्वराविरुद्धची गंभीर बाब आहे हे कायम ठेवले. त्याचबरोबर तीव्र मानसिक आजार, यातना वा भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते हे स्पष्टपणे सांगितले. अशा मृतांच्या तारणाविषयी निराश होऊ नये आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, असेही त्यात म्हटले आहे. आपल्या देशाच्या 2017 सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरावे, असे म्हटले आहे. ज्या घरावर हा आघात झाला आहे त्या घरी जाऊन लाजेची कुजबुज करणारे आजही आपल्यात आहेत. त्यांनी मौन पाळावे आणि जेवणाचा डबा घेऊन जावे. ज्यांना स्वतःलाच अंधार दाटल्यासारखा वाटतो, त्यांनी डॉक्टरांकडे जाण्यात अथवा शासनाच्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलण्यात श्रद्धेची उणीव मानू नये. परमेश्वर वैद्याच्या हातूनही हात देतो.

इयन कर्टिसच्या अस्थी मॅक्लेसफील्डच्या दफनभूमीत आहेत. तेथे संगमरवरी शोक नाही, गुडघे टेकलेल्या आकृती नाहीत. वाटेच्या कडेला बसवावा तसा एक लहानसा दगड आहे. त्यावर नाव, तारीख आणि त्याच्या एका गीताचे शीर्षक. 2008 साली कुणीतरी तो दगडही चोरून नेला व तेथे दुसरा बसवावा लागला. वेष्टनावरची भव्य कबर लक्षावधी लोकांनी पाहिली, आणि ती दुसऱ्याच कुटुंबाची आहे. त्याची स्वतःची कबर हातभर दगडाची आहे.

ख्रिस्ताच्या मृतदेहाभोवती बसलेल्या ज्या माणसांना पाएर्नियोने दगडातून घडविले, त्यांच्यात एक गुण आहे. त्यांच्यापैकी कुणीही पाहणाऱ्याकडे पाहत नाही. आपण कसे दिसतो याची त्यांना पर्वा नाही. त्यांचे सारे लक्ष समोरच्या देहाकडे लागले आहे. मृतापाशी त्यांनी जे लक्ष दिले, ते जिवंतापाशी देणे आपल्याला शक्य आहे, कारण आपल्या माणसांचा तिसरा दिवस उजाडण्याची वाट पाहण्याआधी त्यांचा आजचा दिवस आपल्या हाती आहे. रात्रीची रोझरी संपल्यावर दिवा मालविण्यापूर्वी घरातील प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहावे आणि जो गप्प आहे त्याच्या शेजारी जाऊन बसावे.